पट्टी सुटल्यानंतर
(मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि तिच्या निकालाचा हिशोब)

स्मरणिका समितीने माझ्याकडे काम तसे सोपेच सोपवले होते. ट्रस्टच्या आरंभापासून भरलेल्या नेत्रशिबिरांच्या वह्या कपाटातून काढाव्यात, शस्त्रक्रियांची बेरीज करावी आणि तो आकडा छपाईस द्यावा. मी १९८१ साली बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो तेव्हापासून शिबिराची वही माझ्याच हाती असे. त्यामुळे हे काम दुसऱ्या कोणाला देणे समितीला बहुधा सुचलेही नसावे. बेरीज झाली, आकडा दिला, तो या अंकात अन्यत्र आलाच आहे. परंतु वह्या चाळताना १९८४ च्या वहीतील एका नोंदीपाशी माझा हात थांबला. ती नोंद माझ्या आजीची होती.

घरातील सर्व लहानथोर तिला 'बाई' म्हणत. त्या वर्षी शाळेच्या इमारतीत शिबिर भरले होते. वर्गातील बाके एका बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि बाई चौथीच्या वर्गात पाच दिवस पडून होत्या. पाचव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटे दाखवली, बाईंनी ती बरोबर मोजली, आणि वहीतील 'शेरा' या रकान्यात मी माझ्या अक्षरात 'यशस्वी' असे लिहिले. त्यांना एक जाड भिंगांचा चष्मा मिळाला. एका खोक्यातून सर्वांना सारखेच, दहा नंबरचे चष्मे वाटले होते. पुढल्या वर्षी तो चष्मा दगडी पायरीवर पडून फुटला. बाईंनी कोणाला सांगितले नाही. घरातल्या सुनांच्या लक्षात आले ते इतकेच, की बाई आता धान्य निवडायला बसत नाहीत. आयुष्यभर डाळीतांदळातील किडामुंगी अलगद वेचून बाजूला सोडणारी ती बाई एक दिवस म्हणाली, "मला दिसत नाही, माझ्या हातून जीव जाईल, सूप तुम्हीच घ्या." नवा चष्मा होईपर्यंत सात महिने गेले. वहीत मात्र त्या आजही 'यशस्वी' आहेत.

त्या रात्री मनात आले, की डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपण सारे कोणी केली, किती केल्या, कोणत्या यंत्राने केल्या, असा सांगतो. पट्टी सुटल्यानंतर काय झाले, हे विचारणाऱ्यांचा इतिहास निराळा आहे. मी वैद्यकातला माणूस नव्हे. परंतु हिशोबातला आहे, आणि हा इतिहास मुळात हिशोबाचाच आहे. म्हणून धाडस करून तो येथे मांडतो.

आरंभ आपल्याकडेच करावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाचा, म्हणजे आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्याचा, शस्त्रोपचार वर्णिला आहे. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली शलाका डोळ्यात घालून बाहुलीमागील अडसर बाजूला सारावयाचा. रुग्णाला रूप दिसू लागले की शलाका हळूहळू बाहेर घ्यावयाची, मग तुपाचा बोळा ठेवून पट्टी बांधावयाची, आणि शिंक, खोकला, ढेकर यांपासून रुग्णाने काही दिवस स्वतःला जपावयाचे. वेध चुकीच्या जागी झाला तर कोणते उपद्रव होतात, हेही ग्रंथात सांगितले आहे. आपण अभिमानाने 'पहिली शस्त्रक्रिया भारतात झाली' एवढेच सांगून थांबतो. मला विशेष वाटते ते हे, की 'दिसते का?' हा प्रश्न शलाका बाहेर काढण्यापूर्वीच विचारलेला आहे, आणि चुकांची यादी लपविलेली नाही.

मात्र या रीतीत एक मर्म होते. गढूळ भिंग डोळ्यातून बाहेर निघत नसे, ते केवळ खाली ढकलले जाई. त्या क्षणी उजेड पडे आणि रुग्ण आनंदाने ओरडे. कित्येक डोळ्यांत पुढे सूज येई, दाब वाढे आणि दृष्टी कायमची जाई. तोवर शस्त्रक्रिया करणारा दुसऱ्या गावी गेलेला असे. युरोपातही हाच प्रकार होता. जॉन टेलर नावाचा एक इंग्रज फिरता शस्त्रवैद्य थाटामाटाने गावोगाव हिंडे, पट्टी अनेक दिवस सोडू नका असे बजावी आणि ती सुटण्याच्या आत गाव सोडी. जर्मनीतील थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर त्याने १७५० साली शस्त्रक्रिया केली. दृष्टी आली नाहीच, आणि त्याच वर्षी जुलैत बाख वारले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. त्यांची पहिली अशी शस्त्रक्रिया १७४७ ची. परंतु माझ्यासारख्या माणसाला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो त्यांनी पुढे दिलेल्या हिशोबामुळे. पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या अकादमीपुढे त्यांनी २०६ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त ठेवला आणि त्यांतील १८२ यशस्वी झाल्याचे सांगितले. म्हणजे चोवीस अयशस्वी. आपल्या धंद्यात परत आलेल्या मालाची नोंद स्वतःहून दाखवणारा व्यापारी विरळा. ती दाखवतो त्याच्याच मालावर विश्वास बसतो.

मराठी माणसाने येथे तंजावरची आठवण ठेवावी. तेथील भोसले घराण्यातील राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रवैद्यकाची, विलक्षण ओढ होती. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांवर अभ्यास चाले. डोळ्यांच्या रुग्णांची हस्तलिखित टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली असून त्यांत रुग्णाची अवस्था, केलेला उपचार आणि रंगवलेली डोळ्यांची चित्रे आहेत. एका संस्थानिकाने दोनशे वर्षांपूर्वी एकेका गरीब रुग्णाचे टिपण करवून ठेवावे, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात का नसावी, हे मला कळत नाही. असो.

इंग्रजी अमलात हा देश मोतीबिंदूचे मोठे आगर ठरला. जालंदर येथे हेन्री स्मिथ नावाचे लष्करी डॉक्टर भिंग त्याच्या आवरणासकट बाहेर काढीत. त्यांचा वेग आणि संख्या पाहावयास अमेरिकेहूनही डॉक्टर येत. त्यांच्यावर टीका झाली ती याच मुद्द्यावर, की रुग्ण काही दिवसांनी गावी जातो, पुढचे कोणी पाहिले? मद्रासच्या आर. एच. एलियट यांनी वेगळी वाट धरली. गावोगावच्या वैदूंनी सुईने ढकललेल्या भिंगाचे डोळे त्यांनी गोळा केले, ते कापून तपासले, आणि १९१७ साली लंडनला व्याख्याने देऊन आत नेमकी काय हानी होते हे दाखवले. यशाच्या गोष्टी सर्वांनाच ऐकू येत होत्या. एलियट यांनी अपयशाचे डोळे जमवले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिलेला आहे. डॉ. मु. च. मोदी यांचे नाव दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घरोघरी होते. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया, आणि फेब्रुवारी १९९३ पर्यंत एकूण ६,१०,५६४, असे त्यांचे आकडे गिनीज बुकात नोंदले गेले. ज्या देशात डोळ्याचा डॉक्टर शंभर मैलांवर होता, तेथे या माणसाने खेड्यात जाऊन केलेले काम किती मोठे, हे सांगावयास नको. शासनाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ मध्ये सुरू झाला. लायन्स, रोटरी, आपल्यासारखे ट्रस्ट, सर्वांनी शिबिरांचा सपाटा लावला. देणगीदार विचारी, "यंदा किती?" आम्ही आकडा सांगत असू. पुढच्या वर्षी तो वाढला की टाळ्या पडत. त्या टाळ्या मीही घेतल्या आहेत.

या उत्साहाला पहिला मोठा तडा उत्तर प्रदेशात गेला. १९८६ साली खुर्जा येथील शिबिरात मोतीबिंदूच्या ८८ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी ८४ जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गेला. डोळा धुण्यासाठी वापरलेले सलाइन दूषित होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ मध्ये निकाल लागला. एवढी मोठी दुर्घटना लपत नाही, म्हणून ती देशाला कळली. परंतु ज्याचा चष्मा फुटला, ज्याला मुळातच नंबर जुळला नाही, ज्याच्या डोळ्यात वर्षाने दाब वाढला, अशांची बातमी होत नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी वही घेऊन मागे जावे लागते.

जाड चष्म्याच्या दुखण्यावर औषध मात्र १९४९ पासूनच अस्तित्वात होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्यास आरंभ केला. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे गेले होते, आणि डोळ्याने ते निमूटपणे सोसले होते. त्यावरून त्यांनी तेच द्रव्य निवडले. पहिल्या रुग्णाच्या भिंगाचा नंबर सपशेल चुकला. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. ती रीत जगभर रुळण्यास तीस-पस्तीस वर्षे लागली. भारतात अडचण किमतीची होती. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या घरात असे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगे येथेच बनवली आणि किंमत दहा डॉलरच्या खाली आणली.

आता प्रश्न आला तो खरा. स्वस्त, जुनी, जाड चष्म्याची शस्त्रक्रिया करावी, की महाग, नवी, भिंगाची? गरिबाच्या डोळ्यात परके भिंग बसवणे धोक्याचे नाही ना? मदुराईने यावर मत मांडत बसण्याऐवजी परीक्षा घेतली. मोतीबिंदूने अंध झालेले ३,४०० रुग्ण घेतले आणि कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठीने ठरवले. डॉक्टरच्या आवडीने ठरले असते, तर सोपे डोळे एका बाजूला आणि अवघड दुसऱ्या बाजूला गेले असते. दोन गिरण्यांचे कापड पारखताना एकाचे चांगले ठाण आणि दुसऱ्याचे रद्दी ठाण घेऊन चालत नाही, दोन्ही गठ्ठ्यांतून डोळे मिटून ठाण ओढावे लागते, तसेच हे. रुग्णांना वर्षानंतर पुन्हा तपासले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि भिंग बसवणे सुरक्षित असून त्याने दृष्टी व रोजचे जगणे दोन्ही अधिक सुधारतात, हे सिद्ध झाले. माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग हा, की त्यांनी रुग्णाला तक्त्यावरील अक्षरांखेरीज घरातील कामांविषयीही विचारले. चालता येते का, स्वतःचे स्वतः करता येते का. आमच्या वहीने बाईंना धान्य निवडता येते का, असे कधी विचारले नव्हते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात शाळा-धर्मशाळांतील शस्त्रक्रिया मागे पडून रुग्णालयातील शस्त्रक्रिया आणि भिंग यांवर भर आला. त्याच दशकात अनेक जिल्ह्यांत पाहणी करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन शस्त्रक्रिया झालेले डोळे तपासले, आणि त्यांतील बरेच डोळे अजूनही नीट पाहू शकत नाहीत हे उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये एक माप घालून दिले. शस्त्रक्रियेनंतर निदान ८० टक्के डोळ्यांना, जवळ असलेल्या चष्म्यासह किंवा चष्म्याविना, ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावे. योग्य नंबरचा चष्मा दिल्यास हे प्रमाण ९० टक्क्यांवर जावे, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे पाच टक्क्यांहून अधिक नसावेत. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्यास अठरा मीटरवरून जे अक्षर वाचता येते ते सहा मीटरवरून वाचता येणे. मापाला गज मिळाला, एवढे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

यापुढची गोष्ट आपल्या पुण्याची आहे. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात, म्हणजे एका धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयात, डॉ. परिक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी दोन तुलना केल्या. पहिलीत मोठ्या छेदाची, टाक्यांची शस्त्रक्रिया आणि लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवली. ७४१ रुग्ण चिठ्ठीने विभागले आणि सहा आठवड्यांनी त्यांतील ७०६ पुन्हा तपासले. चष्म्याविना ६/१८ दिसणारे मोठ्या छेदात ३७.३ टक्के, लहान छेदात ४७.९ टक्के. चष्मा दिल्यावर अनुक्रमे ८६.७ आणि ८९.८ टक्के. हे २००३ साली ब्रिटनच्या नेत्रवैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच वर्षी त्यांनी खर्चही मांडला. एका शस्त्रक्रियेस पहिल्या रीतीने सुमारे ७२८ रुपये, दुसरीने ७२१. आमच्यासारख्यांना हे वाचून किती बरे वाटते, हे डॉक्टरमंडळींना कळणार नाही.

येथे क्षणभर थांबून ३७ आणि ८७ या दोन आकड्यांकडे पाहावे. तेच डोळे, तीच शस्त्रक्रिया, आणि मधला एवढा फरक केवळ योग्य चष्म्याचा. ज्या शिबिरात चष्मा तपासणीची पुढची तारीख नाही, तेथे शस्त्रवैद्य कितीही कुशल असला तरी हा फरक भरून निघत नाही. माझ्या बाईंचे सात महिने या फरकात गेले.

दुसरी तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाजूला अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणलेली यंत्राची 'फेको', जी आज शहरात सर्वजण मागतात, आणि दुसऱ्या बाजूला तीच हाताने करावयाची लहान छेदाची शस्त्रक्रिया. ४०० रुग्ण होते. सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ दिसणारे फेकोत ८१ टक्के आणि हाताच्या रीतीत ७१ टक्के होते. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हींकडे ९८.४ टक्के. खर्च पुढे २००७ मध्ये मांडला गेला : फेकोस सरासरी ४२.१० डॉलर, हाताच्या रीतीस १५.३४ डॉलर. नेपाळमधील एका तुलनेतही त्याच वर्षी दोन्ही रीतींचे निकाल जवळजवळ सारखे आले. ज्याला परवडते त्याने फेको अवश्य करावी. मी स्वतः गेल्या वर्षी तीच करून घेतली. परंतु 'धर्मादाय रुग्णाला हलक्या प्रतीचे देता' असा आरोप जेव्हा आपल्या सभेत झाला, तेव्हा या आकड्यांपैकी एकही आकडा आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हता. आम्ही नुसते रागावलो.

वही मोठी असली की तिच्यात बारीक गोष्टीही दिसतात, याचे उदाहरण पुन्हा मदुराईचेच. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे ही दुर्मीळ, पण डोळा घालवणारी आपत्ती. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच प्रतिजैविकाचा थेंब सोडल्यास ती टळते का? अरविंदच्या रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये उत्तर दिले. संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले होते. दहा हजारांत सात आणि दहा हजारांत दोन, हा भेद एखाद्या डॉक्टरला आयुष्यभराच्या अनुभवातून कळणे अशक्य आहे. तो कळतो तो प्रत्येक रुग्णाची ओळ न चुकता लिहिणाऱ्या कोण्या कारकुनामुळे. त्या अनामिक कारकुनाविषयी मला बंधुभाव वाटतो. जागतिक आरोग्य परिषदेनेही २०२१ मध्ये देशांच्या प्रगतीसाठी जे नवे माप स्वीकारले, त्यात किती जणांची शस्त्रक्रिया झाली एवढ्यावर भागत नाही. ती होऊन चांगले दिसू लागलेलेच धरले जातात. रेषाही ६/१८ वरून वर, ६/१२ वर नेली आहे.

आपल्या ट्रस्टच्या शस्त्रक्रिया आता कित्येक वर्षे शाळेत होत नाहीत. आपण रुग्ण तपासून बसने रुग्णालयात पोहोचवतो आणि परत आणतो. परंतु वही तीच राहिली होती. तेच सहा रकाने, शेवटी 'शेरा', आणि त्यात पट्टी सुटली त्या दिवशीचा शब्द. यंदाच्या हिवाळी शिबिरासाठी मी विश्वस्तांच्या संमतीने नवी वही छापून घेतली आहे. तीत शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी, सहा आठवड्यांनंतरची चष्म्याविना दृष्टी, चष्म्यासह दृष्टी, चष्मा मिळाल्याची तारीख, आणि 'घरातील कोणते काम पुन्हा करू लागले' असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्याला डॉक्टर थोडे हसले, पण तो राहू दिला. सहा आठवड्यांनी जे रुग्ण तपासणीस येणार नाहीत त्यांच्या गावी जावे लागेल. त्यासाठी दुचाकी असलेले आणि रविवारची सकाळ देऊ शकणारे चार-पाच तरुण हवे आहेत. नावे माझ्या दुकानात किंवा ट्रस्टच्या कार्यालयात द्यावीत.